सात डब्यांतला तालुका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, कारंज्याहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे इंझोरी गाव आहे. तालुका मानोरा असला तरी आमच्या घरचा बाजारहाट पहिल्यापासून कारंज्याचा. कोणी गाव विचारले, की आमचे लोक ‘कारंज्याजवळचं इंझोरी’ असे सांगून मोकळे होतात. या सवयीमुळे २०२२ साली आमच्या काकांचे पैसे अडकले. त्यात सवयीचा दोष थोडा आणि माझा जास्त होता. मी पुण्यात वेबसाइटचे पडदे बांधण्याचे काम करतो. ज्या अर्जात काकांचे पैसे अडकले, तो अर्ज आमच्याच चमूने बांधला होता आणि त्यातली बरीच वीण माझ्या हातची होती.

त्या पावसाळ्यात सोयाबीन पाण्याखाली गेले. नुकसानीची नोंद करण्यासाठी एका संस्थेने ऑनलाइन अर्ज ठेवला होता. चुलतभावाने स्वतःच्या मोबाइलवर काकांचा अर्ज भरला, पोचपावतीचा क्रमांक वहीत लिहून ठेवला आणि सगळे निर्धास्त झाले. महिन्याभराने निरोप आला, की अर्ज परत केला आहे. कारण: गाव व तालुका जुळत नाही. काका दोनदा मानोऱ्याला जाऊन आले. तिथे त्यांना संगणकावरचा त्यांचाच अर्ज दाखवला गेला. त्यात गाव इंझोरी आणि तालुका कारंजा असे होते. त्या संध्याकाळी काकांचा मला फोन आला. ‘बाबू, आपली इंझोरी कारंज्यात कवा गेली रे? आमाले तं कोनी सांगतलं नाई.’

मी हसलो. भावाने चुकीचा तालुका निवडला असणार, असे सांगून फोन ठेवला. भाऊ मात्र शपथेवर सांगत होता, की त्याने मानोराच निवडला होता आणि अर्ज पाठवताना पडद्यावर मानोराच दिसत होता. आपल्या माणसाची चूक आधी दिसते आणि आपल्या कामातली नंतर, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. चार दिवसांनी कळले, की असे अर्ज एक-दोन नव्हते, शंभराहून जास्त होते. मग मी भावाला फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, ‘मानोरा निवडण्याआधी काही निवडले होते का?’ तो म्हणाला, ‘हो, आधी कारंजा दाबलं. त्याच्या यादीत इंझोरी सापडेना, म्हणून वर जाऊन मानोरा केलं.’

तिथे चोर सापडला. तो कसा लपला होता, हे सांगायचे तर वेबसाइटचा पडदा कसा बांधतात ते थोडे सांगावे लागेल. रेडिओवर पडदा दाखवता येत नाही, म्हणून डब्यांची उपमा घेतो.

मोबाइलवर जे पान आपल्याला एकसंध दिसते, ते आतून डब्यांचे असते. मोठ्या डब्यात लहान डबा, त्यात त्याहून लहान. प्रत्येक डब्याला आपले काम नेमून दिलेले असते. एक डबा बटण दाखवतो, एक यादी दाखवतो, एक फोटो. आमच्या भाषेत या डब्याला कंपोनंट म्हणतात. ही पद्धत लोकप्रिय झाली ती रिॲक्ट या साधनामुळे. फेसबुकमधील जॉर्डन वॉक या अभियंत्याने ते घडवले आणि २०१३ साली ते सर्वांना खुले झाले. आज जगभरातली असंख्य संकेतस्थळे त्यावर किंवा त्याच्या भाऊबंदांवर उभी आहेत. पद्धत चांगली आहे. एकदा बनवलेला यादीचा डबा दहा ठिकाणी वापरता येतो. अडचण सुरू होते ती डब्यात डबा किती खोल घालायचा याला काही धरबंध राहत नाही तेव्हा.

आमच्या अर्जात सात डबे एकात एक होते. सर्वांत बाहेर पान. पानात अर्ज. अर्जात शेताची माहिती. त्यात पत्ता. पत्त्याच्या पोटात जिल्ह्याचा डबा, जिल्ह्याच्या पोटात तालुक्याचा आणि तालुक्याच्या पोटात गाव आणि गट क्रमांकाचा. आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण जसा सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, तसा आमच्या अर्जाचा प्राण, म्हणजे गट क्रमांक, सातव्या डब्यात होता.

ही उतरंड आम्ही आकाशातून आणली नव्हती. महाभूलेखावर ज्यांनी सातबारा पाहिला आहे त्यांना ती पाठ असेल. आधी विभाग निवडा, अमरावती. मग जिल्हा, वाशीम. मग तालुका, मानोरा. मग गाव, आणि मग गट क्रमांक. महसूल खात्याची जी उतरंड आहे तीच पडद्यावर उतरली आहे. मेल्विन कॉन्वे नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६८ साली एका लेखात असे मांडले होते, की कोणतीही संस्था जी यंत्रणा घडवते तिचा आराखडा त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या संपर्काच्या रचनेसारखाच निघतो. त्याने आपले कचेरीतले कारभार पाहिले नव्हते, पण ते वर्णन आपल्याला अचूक लागू पडते. आमच्या चमूतही अर्ज एकाने बांधला, पत्ता दुसऱ्याने, गाव तिसऱ्याने. तिघांमध्ये जेवढे बोलणे होते तेवढेच डब्यांमध्ये होते.

आता तालुका या माहितीचा प्रवास पाहा. निवडलेला तालुका दुसऱ्या डब्यात, म्हणजे अर्जात, जपून ठेवला जाई. पण त्याची गरज होती सहाव्या आणि सातव्या डब्याला. रिॲक्टमध्ये माहिती वरून खाली हातोहात द्यावी लागते. अर्जाने ती शेताच्या डब्याला द्यायची, शेताने पत्त्याला, पत्त्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला. मधल्या तीन डब्यांना तालुक्याशी काही देणेघेणे नव्हते. ते फक्त टपाल पुढे ढकलत होते. जुन्या घरात ओसरी, माजघर, स्वयंपाकघर अशा ओळीने खोल्या असतात. परसातल्या विहिरीचे पाणी ओसरीवर आणायचे तर प्रत्येक खोलीतून कळशी न्यावी लागते आणि प्रत्येक खोलीत थोडे सांडते. प्रोग्रामर मंडळी या प्रकाराला प्रॉप ड्रिलिंग म्हणतात. आमच्या भागात बोअर मारणाऱ्याला हे नाव लगेच समजेल. वरचे सगळे थर फोडत जायचे, कशासाठी, तर पाणी एकदम खाली आहे म्हणून.

नुसते टपाल पुढे ढकलले असते तर फार बिघडले नसते. काम कंटाळवाणे झाले असते, एवढेच. घोटाळा झाला तो सातव्या डब्यात. हा डबा आमच्या एका सहकाऱ्याने आधीच्या कामासाठी बनवलेला होता. त्या कामात प्रत्येक कारकुनाचा तालुका ठरलेला होता, दिवसभर तो बदलतच नसे. म्हणून सहकाऱ्याने डब्याला असे शिकवले होते, की जन्माला येताना वरून जो तालुका मिळेल त्याची नक्कल उतरवून घे आणि पुढे पत्ता तयार करताना ती नक्कल वापर. तिथे हे चालून गेले. तो डबा मी उचलून आमच्या अर्जात बसवला. यादी दिसते, गाव निवडता येते, एवढे पाहून पुढे गेलो. आत उघडून पाहिले नाही.

आमच्या अर्जात हा सातवा डबा तालुका निवडल्यावर जन्माला येई. भावाने कारंजा दाबले, तेव्हा डबा जन्मला आणि त्याने आपल्या वहीत ‘कारंजा’ लिहून घेतले. इंझोरी सापडेना, म्हणून भावाने तालुका मानोरा केला. वरून नवा तालुका सातव्या डब्यापर्यंत आला. गावांची यादी त्या नव्या तालुक्यावरून बनत होती, त्यामुळे ती बरोबर बदलली, इंझोरी दिसले, निवडले गेले. पण डबा नव्याने जन्मला नव्हता. आहे त्याच जागी तोच डबा असेल तर रिॲक्ट त्याला मोडून पुन्हा बनवत नाही, त्याची वहीही पुसत नाही. वहीत कारंजाच राहिले. अर्ज पाठवताना पत्त्याची पुडी त्या वहीवरून बांधली गेली. पडद्यावर मानोरा, पुडीत कारंजा.

शासकीय परिपत्रकाची गोष्ट डोळ्यांसमोर आणली तर हे सोपे जाईल. वरून परिपत्रक निघते, खालच्या टेबलावर कोणी त्याची नक्कल करून आपल्या फायलीत लावतो. आठवड्याने शुद्धिपत्रक येते. ते बाकी सगळीकडे पोचते, पण हा गृहस्थ आपली जुनी नक्कल उघडून त्याप्रमाणे काम करत राहतो. रिॲक्टच्या कर्त्यांनी २०१८ साली यावर स्वतंत्र लेख लिहून इशारा दिला होता, की वरून आलेल्या माहितीची नक्कल डब्यात साठवू नका. तो लेख मी वाचलेला होता. नुसता वाचून काय उपयोग! माझ्याच अर्जात ती नक्कल सातव्या थराखाली पुरलेली असल्यामुळे मला ती दिसली नाही. खोल रचनेचा खरा तोटा हाच आहे. वेग कमी होतो वगैरे नंतर. आधी चूक झाकली जाते.

आणि चूक नेमकी कोणाला बाधली? ज्याने पहिल्या फटक्यात तालुका बरोबर निवडला त्याला काही झाले नाही. जो चुकला आणि ज्याने प्रामाणिकपणे ती चूक सुधारली, त्याचाच अर्ज बाद झाला. आमची तपासणी करणारी मुले हुशार, ती पहिल्यांदाच बरोबर निवडत. म्हणून महिनाभर कोणाला पत्ता लागला नाही. अर्ज स्वीकारतानाच गाव आणि तालुका जुळतो का हे पलीकडच्या संगणकाने पाहायला हवे होते. ते का पाहिले जात नव्हते, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

पहिली दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. डब्याला एक ओळखचिठ्ठी लावायची सोय असते. चिठ्ठीवर तालुक्याचा क्रमांक लिहिला, की तालुका बदलताच चिठ्ठी बदलते, जुना डबा मोडतो आणि नवा जन्मतो. नवा अर्ज बरोबर जाऊ लागला. परत आलेले अर्ज मात्र एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले. काकांचा त्यात नंबर लागेपर्यंत हरभऱ्याची पेरणी आली होती आणि बियाण्यासाठी त्यांनी उसनवारी केली होती. हे त्यांनी मला सांगितले नाही, काकूंनी सांगितले.

दुरुस्ती झाली तरी माझे मन स्वस्थ बसेना. चिठ्ठी लावणे म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवण्यासारखे होते. म्हणून पुढच्या हंगामाआधी मी सगळी उतरंड उकलायला घेतली.

हा रोग रिॲक्टने आणला असे मात्र कोणी समजू नये. वेबच्या बाल्यावस्थेपासून तो आहे. १९९६-९७ च्या सुमारास पानावर मजकूर शेजारी शेजारी मांडायची धड सोय नव्हती. तेव्हा कारागिरांनी एक युक्ती काढली. आकडेवारीसाठी असलेला तक्ता घ्यायचा, त्याच्या रेघा लपवायच्या आणि चौकटींत मजकूर बसवायचा. मग एका चौकटीत दुसरा तक्ता, त्यात तिसरा. मी कॉलेजात असताना अमरावतीच्या नेट कॅफेत बसून एका संकेतस्थळाचे आतले रूप उघडून पाहिले होते. एका ओळीच्या बातमीपाशी पोचायला नऊ तक्ते ओलांडावे लागत होते. मला तेव्हा ते फार विद्वत्तेचे वाटले! पुढे मांडणीचे नियम मजकुरापासून वेगळे लिहायची सीएसएस ही पद्धत रुळली आणि २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत ग्रिड नावाची सोय आली. तेव्हा कुठे आडवे-उभे रकाने एकाच डब्यात मांडता येऊ लागले. त्या सोयीचा आम्हाला सरळ फायदा झाला. आमच्या अर्जात नुसते अंतर ठेवण्यासाठी आणि मध्यभागी आणण्यासाठी घातलेले पोकळ डबे कितीतरी होते. ते आधी काढून टाकले. कोणाला काही कळलेही नाही, इतके ते निरुपयोगी होते.

या पोकळ डब्यांना वजन नसते असे वाटते, पण असते. पानावर काही बदलले, की ब्राउझरला पुन्हा हिशेब करावा लागतो, कोणता डबा कुठे बसतो, कोणाची रुंदी किती. पान जितके खोल आणि भरगच्च तितका हिशेब मोठा. गूगलचे लाइटहाउस हे तपासणीचे साधन पूर्वी बत्तीस पातळ्यांपेक्षा खोल पानावर ठपका ठेवत असे. ऑफिसातल्या महागड्या संगणकावर हे जाणवत नाही. स्वस्त मोबाइलवर, बांधावर उभे राहून, दोन काड्या नेटवर्क असताना जाणवते. आमच्या भावाच्या मोबाइलवर यादी उघडायला इतका वेळ लागे, की तो दोनदा बोट दाबत असे.

पोकळ डबे गेले, आता टपाल ढकलणारे डबे. यांच्यासाठी दोन उपाय आहेत आणि कोणता कुठे वापरायचा यात तारतम्य लागते.

पहिला उपाय शिदोरीचा. शेतावर माणूस राबतो आहे, त्याला जेवण पाठवायचे आहे. आपण काय करतो? पीठ एकाच्या हाती, मीठ दुसऱ्याच्या, कांदा तिसऱ्याच्या असे देऊन वाटेतल्या प्रत्येकाला स्वयंपाकात गुंतवत नाही. घरीच भाकरी भाजतो, फडक्यात बांधतो आणि जाणाऱ्याच्या हाती देतो. आत काय आहे हे नेणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही. डब्यांचेही असेच करता येते. वरच्या अर्जाने तालुका आणि गावाचा डबा स्वतःच माहिती भरून तयार करायचा आणि मधल्या डब्याला सांगायचे, की हा तयार डबा घे आणि तुझ्या रिकाम्या जागेत ठेव. मधला डबा फक्त चौकट होतो. त्याला तालुका म्हणजे काय ते ठाऊक नसते आणि म्हणून तो त्यात घोळही घालू शकत नाही. ही सोय रिॲक्टमध्ये पहिल्यापासून आहे, पण नवशिके तिच्याकडे वळत नाहीत. माझ्या मते दहापैकी सात ठिकाणी एवढ्यानेच काम भागते.

दुसरा उपाय दवंडीचा. चावडीवर दवंडी पिटली, की ज्याला गरज आहे तो ऐकतो. घरोघरी निरोप द्यावा लागत नाही. रिॲक्टमध्ये याला कॉन्टेक्स्ट म्हणतात, २०१८ साली ती सोय नव्या, सुटसुटीत रूपात आली. त्याआधी २०१५ पासून रिडक्स हे साधन गाजत होते. सगळी माहिती एका मध्यवर्ती कोठीत ठेवायची, ज्याला हवी त्याने तिथून घ्यायची, असे त्याचे तत्त्व. मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी कोणत्या भाषेत अर्ज दाखवायचा, ही दवंडीने सांगण्यासारखी गोष्ट. ती सगळ्यांना लागते आणि क्वचित बदलते. पण गट क्रमांकाचा एकेक आकडा टाइप होताना दवंडी पिटली, तर ती ऐकायला कान लावून बसलेले सगळे डबे प्रत्येक आकड्याला उठून बसतात. आमच्याकडे एका उत्साही मुलाने हे केले. आकडा दाबल्यावर तो उमटायला अर्धा सेकंद लागू लागला.

मीही काही कमी उत्साही नव्हतो. सपाट करायचे म्हणजे सगळेच सपाट, अशा झपाट्यात मी एकदा पाच डबे फोडून सर्व मजकूर एका डब्यात ओतला. हजाराहून अधिक ओळींची एकच फाइल झाली. उतरंड गेली खरी, पण आता त्या फाइलमध्ये काय कुठे आहे हे मलाही सापडेना. आठवड्याने ती पुन्हा फोडावी लागली. काही डबे खऱ्या जगातल्या वेगळेपणामुळे वेगळे असतात. शेतकरी वेगळा, शेत वेगळे. एका शेतकऱ्याची तीन शेते असू शकतात, म्हणून शेताचा डबा हवाच. लिनक्स ही प्रणाली लिहिणाऱ्यांच्या नियमपुस्तकात तीनपेक्षा अधिक पातळ्या आत जावे लागले तर प्रोग्रामच नव्याने लिहावा, अशा अर्थाचा खोचक सल्ला आहे. तो वेगळ्या प्रकारच्या कामासाठी आहे, पण आम्ही तीनचा आकडा भिंतीवर लिहून ठेवला.

एवढे सगळे करूनही जिल्हा, तालुका, गाव ही उतरंड तशीच होती. तिच्यापाशी मी बरेच दिवस अडलो. डबे कितीही उकलले, तरी आतली माहितीच डब्यात डबा होती. राज्याच्या यादीत जिल्ह्यांच्या याद्या, त्यांच्यात तालुक्यांच्या, त्यांच्यात गावांच्या. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि चाळीस हजारांहून अधिक गावे.

इथे मला आमच्याच जिल्ह्याचा इतिहास उपयोगी पडला. इंग्रजी अमलात वाशीम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, त्याला बासिम म्हणत. १९०५ मध्ये तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. गावे जागची हलली नाहीत, वरची पाटी तेवढी बदलली. आता कल्पना करा, की गावांची यादी जिल्ह्याच्या पोटात ठेवलेली आहे. जिल्हा बदलला, की तालुक्याचे सगळे पोट उपसून दुसरीकडे भरा. त्याऐवजी गावांची एकच लांबलचक, सपाट यादी ठेवली आणि प्रत्येक गावापुढे त्याचा क्रमांक व त्याच्या तालुक्याचा क्रमांक लिहिला, तालुक्यांची तशीच वेगळी यादी करून प्रत्येकापुढे जिल्ह्याचा क्रमांक लिहिला, तर जिल्हा मोडो की जुळो, तालुक्यापुढचा एक आकडा बदलायचा. बस्स.

आणि क्रमांकच हवा, नाव नको. मालेगाव वाशीम जिल्ह्यात आहे आणि नाशिक जिल्ह्यातही. कारंजा आमच्याकडे आहे आणि वर्धा जिल्ह्यातही. नावे बदलतातही. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्यांनी नावालाच ओळख मानून प्रोग्राम लिहिले होते त्यांची त्या दिवसांत झोप उडाली. गावांना असे क्रमांक केंद्र सरकारने दिलेलेच आहेत, आपल्याला ते वापरायचे असतात इतकेच.

यादी सपाट झाल्यावर जे सुचायला हवे होते ते सुचले. गाव कळले की तालुका कळतोच. मग माणसाला तालुका विचारायचाच कशाला? जिल्हा तरी कशाला? ही उतरंड कचेरीच्या सोयीची आहे. शेतकऱ्याला आपले गाव माहीत असते. म्हणून आम्ही तीन याद्या काढून एकच चौकोन ठेवला. त्यात गावाचे नाव लिहायला सुरुवात करायची. ‘इंझो’ एवढे लिहिले की खाली येते: इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम. त्यावर बोट ठेवायचे. वडगाव, पिंपळगाव अशा नावांची गावे ठिकठिकाणी आहेत, त्यांच्यापुढे तालुका आणि जिल्हा लिहिलेला दिसतो, त्यावरून आपले ओळखता येते. चाळीस हजार गावांची सगळी यादी मोबाइलवर पाठवायची तर दीड-दोन एमबीचे ओझे होते, म्हणून तीन अक्षरे लिहून झाली की तेवढ्यापुरती नावे पलीकडून मागवतो.

लिहायला सोपे वाटते, पण मराठीने घाम काढला. कोणी इंझोरी लिहितो, कोणी इंजोरी, कोणी पहिली ई दीर्घ काढतो. ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह शाळेत ठीक आहे, नुकसानीच्या अर्जात नको. शोधताना ऱ्हस्व आणि दीर्घ एकच मानायचे, झ आणि ज यांना शेजारी धरायचे, असे नियम बसवायला डबे उकलण्यापेक्षा जास्त वेळ गेला. ज्यांना लिहायची सवय नाही अशांसाठी जुनी जिल्हा-तालुक्याची वाटही एका कोपऱ्यात ठेवली आहे. ती काढून टाकावी असे मला वाटत होते. काकांनी नको म्हटले. त्यांच्या पिढीला टाइप करण्यापेक्षा यादीत बोट फिरवणे सोपे जाते.

सात डब्यांचे आता तीन उरले आहेत, जुन्या वाटेने गेलात तर चार. सातव्या डब्यातली ती वही पार गेली. तालुका आता कुठेच साठवलेला नाही, गावाच्या क्रमांकावरून लागेल तेव्हा काढला जातो.

नवा अर्ज खुला झाला त्या दिवशी मी इंझोरीला फोन केला. भावाला म्हटले, मोबाइल काकांच्या हाती दे. काकांना म्हटले, जुन्या वाटेने जा आणि मुद्दाम आधी कारंजा निवडा. ते तयार होईनात. ‘मागच्या खेपेले त्याच्यानंच तं घोटाळा झाला, आता काहून?’ बरीच विनवणी केल्यावर त्यांनी कारंजा निवडले, यादी खालीवर केली, मग मानोरा केले, इंझोरीवर बोट ठेवले आणि पाठवले. या वेळी पोचपावतीवर पत्ताही छापून येईल अशी सोय केली होती. काकांनी चष्मा लावून ती मला शब्दाशब्दाने वाचून दाखवली. गाव इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम. मग म्हणाले, ‘थांब, फोन ठेवू नको, गट नंबर बी पाहून घेतो.’